आधी मातीचे पोट

महाराष्ट्राच्या मातीविषयी बोलताना दोन निरनिराळे काळ डोळ्यांपुढे ठेवावे लागतात. दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ऊन, पाऊस आणि मुळे यांनी तो झिजवून त्याची हातभर काळी माती करायला हजारो वर्षे घेतली. पण त्या मातीत कुजलेल्या पानांचा, मुळांचा, शेणाचा जो अंश असतो आणि ज्याच्यावर तिचा सगळा कस उभा असतो, तो एका माणसाच्या हयातीत निम्म्यावर येऊ शकतो. मातीपरीक्षणाच्या अहवालात तो ‘सेंद्रिय कर्ब’ या रकान्यात दिसतो. अर्ध्या टक्क्याच्या आत आकडा आला की प्रयोगशाळा तो ‘कमी’ धरते, आणि आपल्याकडच्या कितीतरी कोरडवाहू शेतांचे अहवाल याच रांगेत बसतात. शेजारच्या देवराईतली किंवा जुन्या आमराईतली माती तपासली, तर तोच खडक, तोच पाऊस असूनही आकडा बराच वर असतो. फरक पडतो तो त्या जमिनीला दरवर्षी काय खायला मिळाले याने.

हे पुस्तक या फरकाविषयी आहे. सेंद्रिय शेतीची ओळख बहुतेकदा नकारांनी करून दिली जाते: युरिया नको, कीटकनाशक नको, तणनाशक नको. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला अशी यादी लागते, कारण तिला तपासणी करायची असते. शेतकऱ्याचे काम मात्र या यादीने भागत नाही. खते-औषधे बंद केली आणि त्यांच्या जागी काहीच दिले नाही, तर ते शेत सेंद्रिय होत नाही. ते उपाशी राहते. पहिल्याच हंगामात पीक पिवळे पडते, शेजारी हसतात, आणि दोष सगळ्या पद्धतीवर येतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: मातीतल्या जिवांना बारा महिने खाऊ घालणे म्हणजे सेंद्रिय शेती. बाकीच्या सगळ्या गोष्टी, अगदी कीडनियंत्रणसुद्धा, त्यानंतर येतात.

मातीतले हे जीव कोण आणि ते करतात काय, हे आधी नीट समजून घेऊ. चिमूटभर सकस मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांच्या जोडीला बुरशीचे तंतू, जिवाणूंवर जगणारे एकपेशीय प्राणी, सूत्रकृमी, माइट, गोम, गांडूळ अशी मोठी साखळी असते. पाने सूर्यप्रकाशात जी साखर तयार करतात, तिच्यातला चांगला मोठा वाटा झाड स्वतःच्या वाढीला न वापरता मुळांवाटे बाहेर सोडते. वरवर पाहता हा तोटा वाटतो, पण झाड तो सहज म्हणून करत नाही. त्या साखरेवर मुळाभोवती जिवाणूंची दाट वस्ती होते. हे जिवाणू कुजणाऱ्या पदार्थांतले नत्र आपल्या शरीरात घेतात, एकपेशीय प्राणी त्यांना खातात, आणि या प्राण्यांना नको असलेले जास्तीचे नत्र मुळाच्या तोंडाशीच मोकळे होते. युरिया टाकल्यावर नत्र एकदम आणि सगळ्या शेतभर मिळते. चुनखडीच्या, विम्लधर्मी जमिनीत त्यातले काही अमोनिया होऊन हवेत जाते, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरते. दिलेल्यापैकी पिकाच्या वाट्याला बऱ्याचदा निम्म्याहूनही कमी येते. जिवांच्या साखळीतून येणारे नत्र मात्र हळूहळू येते. जमीन ओली आणि उबदार असते तेव्हा ते जास्त सुटते, आणि पीकही त्याच वेळी जोमाने वाढत असते.

स्फुरदाची गोष्ट आणखी वेगळी आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते कॅल्शियमला धरून बसते, कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमला. मातीत असून पिकाला न मिळण्याची ही अडचण वनस्पतींनी फार पूर्वी एका बुरशीच्या मदतीने सोडवली. मायकोरायझा नावाच्या या बुरशीचे तंतू मुळांच्या आत शिरतात आणि बाहेर मातीत दूरवर पसरतात. मुळाला जिथे पोहोचता येत नाही अशा बारीक फटींतून ते स्फुरद आणि जस्त आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात. ज्वारी, मका, तूर, कांदा, द्राक्ष, आंबा अशी आपली बहुतेक पिके हा व्यवहार करतात. कोबी, मुळा, मोहरी ही मंडळी करत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी या बुरशीचे पाकीट विकत आणणे व्यर्थ आहे. स्फुरदयुक्त खत भरपूर टाकले की झाडाला या बुरशीची गरज उरत नाही आणि मुळांवरचा तिचा वावर कमी होतो. वारंवार रोटाव्हेटर फिरवला की तिचे जाळे तुटते. एकीकडे खत टाकून आणि दुसरीकडे जमीन भुगा करून आपण तिला दोन्हीकडून हाकलतो, आणि मग जस्ताची कमतरता दिसली म्हणून झिंक सल्फेट आणतो.

शेतकऱ्याच्या डोळ्यांना सर्वांत आधी दिसणारा बदल मात्र अन्नद्रव्यांचा नसतो, तो मातीच्या घडणीचा असतो. बुरशीचे तंतू आणि जिवाणूंचे चिकट स्राव मातीचे बारीक कण एकत्र बांधून त्यांची रवाळ ढेपळे करतात. या रव्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांत हवा राहते, आतल्या बारीक पोकळ्यांत पाणी राहते. वाफसा म्हणतात तो याच स्थितीला, आणि मुळांची वाढ वाफशावरच होते. ज्या काळ्या मातीत असे रवे उरलेले नाहीत, ती पावसात चिखल होते, उन्हात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि मधला वाफसा जेमतेम दोन-चार दिवस टिकतो. त्या दिवसांत मजूर मिळाले नाहीत की पेरणी हुकते. याची परीक्षा घरच्या घरी करता येते. शेतातले वाळलेले ढेकूळ आणि बांधावरच्या गवताखालचे वाळलेले ढेकूळ, दोन्ही पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत अलगद सोडावीत. बांधावरचे बराच वेळ आपला आकार धरून राहते. शेतातले काही मिनिटांत विरघळून पाणी गढूळ करते. पहिल्या जोरदार सरीबरोबर ओढ्याला जाणारी माती ती हीच.

मातीत सेंद्रिय अंश वाढला की ती हजारो लिटर जास्त पाणी धरते, असे मोठमोठे आकडे भाषणांतून ऐकू येतात. हलक्या, मुरमाड जमिनीत पाणी धरण्याची ताकद खरोखर वाढते. भारी काळी माती मुळातच पाणी धरणारी असते; तिथे खरा फायदा पाणी आत शिरण्याचा आहे. पाऊस कमी दिवसांत आणि जोराने पडू लागला आहे, अशा वेळी पडलेले पाणी शेतात मुरते की वाहून जाते, यावर कोरडवाहू शेताचे वर्ष ठरते. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या उसाच्या पट्ट्यात उलट दुखणे आहे: अतिपाण्याने जमिनी चोपण झाल्या, क्षार वर आले. तिथे निचऱ्याची व्यवस्था केल्याशिवाय नुसते शेणखत काही करू शकत नाही, हेही स्पष्टपणे सांगायला हवे.

मातीला खाऊ घालण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. दिवाळीनंतर देशावरचे धनगर घाट उतरून कोकणात जातात आणि त्यांची मेंढरे शेतात बसवण्यासाठी शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देतात. बाजरीत मटकी आणि हुलगा, ज्वारीत किंवा कपाशीत तूर, हरभऱ्यानंतरच्या बेवडावर पुढचे पीक, ही सगळी नत्राची व्यवस्था होती. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरावरचा पालापाचोळा, गवत, मेलेले किडे कुजून पावसाबरोबर खालच्या शेतांत येत आणि जमीन सुपीक होई, याचे वर्णन आहे. हे चक्र तुटले कसे, याची मीमांसाही त्यात आहे आणि माती-पाणी अडवण्यासाठी ताली-बंधारे घालण्याचा आग्रहही आहे. मृदसंधारणाच्या आजच्या पुस्तकांतला बराचसा गाभा त्या पानांत सापडतो, आणि कृषी महाविद्यालयांत ते पुस्तक पाठ्यक्रमात असावे असे मला मनापासून वाटते. त्यानंतर दहा वर्षांनी, १८९३ साली, जॉन ऑगस्टस व्होल्कर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचा भारतीय शेतीवरचा अहवाल आला. इथला शेतकरी अडाणी नाही, पण त्याचे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाते, तेव्हा त्याला आधी सरपण द्या, असे त्याचे म्हणणे होते.

तोवर युरोपात वारे दुसरीकडे वाहू लागले होते. १८४० साली युस्टुस फॉन लीबिगने वनस्पती खनिजांवर वाढतात हे ठामपणे मांडले. ते खरेच होते. १९०९ साली फ्रिट्झ हाबरने प्रयोगशाळेत हवेतल्या नत्राचा अमोनिया केला आणि १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. त्या शोधाने जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या ताटात अन्न वाढले, ही गोष्ट सेंद्रिय शेतीचा पुरस्कार करणाऱ्याने नाकारू नये. चूक झाली ती पुढे: झाड खनिजे घेते म्हणून मातीला फक्त खनिजेच द्यायची, असा हिशेब झाला. मुळाशी बसलेल्या एवढ्या मोठ्या जिवंत वस्तीचा त्यात रकानाच नव्हता.

हा रकाना पुन्हा उघडला तो इंदूरला. अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली बिहारमधल्या पुसाच्या संशोधन संस्थेत आले होते. १९२४ पासून त्यांनी होळकरांच्या इंदुरात कापसावर काम करणारी संस्था उभी केली. तिथले त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ साली शेतातल्या टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस कसा करावा यावर पुस्तक लिहिले. सेंद्रिय चळवळीच्या जागतिक इतिहासात हॉवर्डचे नाव सगळीकडे येते, वाडांचे फारसे कोणी घेत नाही. मला ते इथे मुद्दाम घ्यावेसे वाटते. त्यांची रीत माळव्यातल्या शेतकऱ्याला जमेल अशीच होती. कपाशीच्या पऱ्हाट्या कठीण असतात, म्हणून त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली मोडून घ्यायच्या. मग गोठ्यात बैलांखाली अंथरायच्या. मूत्राने भिजलेली गोठ्यातली माती, शेण आणि राख यांच्यासह थर रचायचे. ढिगाला तीन वेळा पालटायचे, म्हणजे हवा खेळते. तीन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत तयार. पुढे आपल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी, म्हणजे ‘नाडेप काकां’नी, शेण कमी आणि काडीकचरा जास्त असलेल्या विदर्भातल्या घरांसाठी दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच अशी विटांची जाळीदार टाकी सुचवली. भिंतींत ठेवलेल्या भोकांतून हवा जाते, पालटणीचे कष्ट वाचतात, आणि शंभर किलोच्या आसपास शेणात एक टाकी भरते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी तर प्रयोग परिवाराच्या माध्यमातून शेतकऱ्यालाच संशोधक केले. गणित शिकवणाऱ्या या माणसाने तासगावच्या द्राक्षबागायतदारांना पाने मोजायला, सूर्यप्रकाशाचा हिशेब मांडायला आणि आपल्या नोंदी एकमेकांना खुल्या करायला शिकवले.

आता थोडे गणित आपणही करू, कारण त्याशिवाय पुढच्या प्रकरणांतला आग्रह पटणार नाही. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन ढोबळमानाने २० लाख किलो. त्यातला कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे २ हजार किलो कर्ब जमिनीत टिकवायचा. आपल्या उष्ण हवेत टाकलेल्या पदार्थाचा बहुतांश भाग जिवाणू श्वसनात जाळून टाकतात. पाचवा हिस्सा टिकला असे धरले तरी १० टन कर्ब टाकावा लागेल. ओल्या शेणखतात साधारण १५ टक्के कर्ब धरला, तर हे झाले ६५ टनांहून जास्त शेणखत. एवढे शेण कोणाकडेही नाही. शिवाय आधीचा कर्ब दरवर्षी जळतच असतो, त्याची भरपाई वेगळीच. याचा अर्थ सरळ आहे: बाहेरून आणलेल्या शेणखतावर ही शेती उभी राहणार नाही. सेंद्रिय पदार्थ शेतातच पिकवावा लागेल. ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडणे, बांधावर गिरिपुष्प लावून वर्षातून दोन-तीनदा त्याचा पाला पिकाला देणे, कापणीनंतर धसकटे न उपटता मुळे तिथेच कुजू देणे, आणि जमीन शक्यतो उघडी न ठेवणे, हे सगळे मिळून ही भूक भागवतात. यात मुळांचा वाटा सर्वांत मोलाचा, कारण मुळांतून येणारा कर्ब वरून टाकलेल्या काडीकचऱ्यापेक्षा मातीत जास्त टिकतो.

म्हणूनच उसाचे पाचट पेटवलेले पाहिले की जीव तुटतो. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. तासाभरात ते जळते आणि त्यातला कर्ब, नत्र, गंधक हवेत जाते. खोडव्यात सरीआड पाचट पसरून ठेवले तर तणे दबतात, पाणी वाचते, आणि वर्षभरात ते मातीत मिसळते. अडचण एकच आहे आणि ती जाणून घेतलेली बरी: पाचटात कर्बाच्या मानाने नत्र फार थोडे. ते कुजवताना जिवाणू मातीतले नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि काही आठवडे पीक पिवळट दिसते. स्लरी, शेणकाला किंवा द्विदल पिकाचा हिरवा पाला जोडीला दिला की हा काळ सुसह्य होतो. कंपोस्टच्या ढिगातही हेच तत्त्व आहे. वाळलेले आणि हिरवे, तिसाला एक अशा कर्ब-नत्राच्या प्रमाणाजवळ आले की ढीग आतून ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो, तणांचे बी आणि रोगजंतू मरतात. उकिरड्यावर नुसते टाकलेले शेण असे तापत नाही. अर्धवट कुजलेले खत शेतात गेले की त्याबरोबर तण आणि हुमणी येते. ‘शेणखताने हुमणी वाढली’ ही तक्रार खरी असते, फक्त दोष खताच्या कच्चेपणाचा असतो.

माती सुधारली की झाडाची तब्येत सुधारते, हे विधान सरसकट करण्याची सवय आहे; ते नेमके कशामुळे, हे पाहू. नत्र एकदम आणि जास्त मिळाले की पेशी झपाट्याने वाढतात, पाने लुसलुशीत आणि रसाळ होतात, आणि मावा-तुडतुड्यांना हवे असते ते हेच. हळूहळू मिळणाऱ्या नत्रावर पान जाड, काटक होते. दुसरे कारण मुळाशी आहे. हरभऱ्याच्या आणि तुरीच्या मर रोगाची बुरशी बहुतेक जमिनींत असतेच. पण ट्रायकोडर्मासारख्या बुरश्यांना आणि जिवाणूंना खायला असेल, तर ते तिला जागा आणि अन्न मिळू देत नाहीत. तिसरे कारण शेताच्या वर आहे. विषारी फवारणी थांबली आणि बांधावर मका, चवळी, झेंडू आले, की ढालकिडे, क्रायसोपा, कोळी परततात आणि मावा त्यांचे खाद्य होतो. यात वेळ जातो. पहिल्या वर्षी शत्रुकीड आधी येते आणि मित्रकीटक मागाहून येतात, आणि बहुतेकांचा धीर याच मधल्या पंधरवड्यात सुटतो. काही किडींवर तर उपाय वेळापत्रकातच असतो: गुलाबी बोंडअळीसाठी फरदड न घेता वेळेवर शेत मोकळे करणे आणि पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर न ठेवता त्यांचा भुगा करून कंपोस्टमध्ये घालणे, याला पर्यायच नाही.

फवारणीचा उल्लेख आला म्हणून २०१७ चे यवतमाळ विसरता येत नाही. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांतले कित्येक जण रोजंदारीवर दुसऱ्याच्या शेतात पंप पाठीवर घेऊन गेलेले होते. सेंद्रिय अन्न खाणाऱ्याला काय मिळते, यावर शहरात खूप चर्चा होते. फवारणाऱ्याच्या फुप्फुसांविषयी फार थोडी होते. विषाचे अवशेष कमी असतात हा खाणाऱ्याचा लाभ निश्चित आहे, पण माझ्या लेखी या पद्धतीचे पहिले लाभार्थी शेतात काम करणारे हात आहेत.

उत्पन्नाचे काय, हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून शेजारशेजारच्या वाफ्यांत सेंद्रिय आणि प्रचलित रासायनिक शेतीची तुलना चालू आहे. तिचे २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले: सेंद्रिय वाफ्यांत उत्पादन सरासरी २० टक्के कमी, पण खते आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी आणि कीटकनाशके ९७ टक्के कमी लागली, शिवाय मातीतले जीवन कितीतरी समृद्ध झाले. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या ब्रॉडबाल्क शेतात १८४३ पासून गहू घेतला जातो. तिथे दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळणाऱ्या तुकड्यात मातीतला कर्ब दुपटीच्या वर गेला आणि उत्पादन रासायनिक खताच्या तुकड्यांच्या बरोबरीने राहिले. दोन्ही प्रयोगांतून मी एकच गोष्ट घेतो: पुरेसे खाऊ घातले तर माती देते, आणि कमी घातले तर कमी देते. आपल्या आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. शेणखतात नत्र अर्धा टक्का. म्हणजे १० टन शेणखतातून ५० किलो नत्र, जे ४५ किलोच्या अडीच गोण्या युरियातही मिळते. असा हिशेब मांडला की उसासारखे खादाड पीक नुसत्या खतबदलाने सेंद्रिय होणार नाही, तिथे पीकपद्धतीच बदलावी लागेल, हे कळते. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचे पीक कोसळले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. सिक्कीमने हीच वाट अनेक वर्षे टप्प्याटप्प्याने चालून जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्य झाल्याचे जाहीर केले. डोंगरी राज्य, खतांचा वापर आधीच थोडा, ही तिथली सोय होती; तरीही वेळ द्यावा लागतो, हा धडा दोन्हींकडून सारखाच मिळतो.

जीवामृत, दशपर्णी, निंबोळी अर्क यांना पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्याच्याबद्दल आधीच थोडे सांगतो. दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि २०० लिटर पाणी यांतून पिकाला लागणारे नत्र-स्फुरद मोजून मिळत नाही. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांनी लोकप्रिय केलेल्या या पद्धतीत जीवामृताच्या जोडीला आच्छादन आणि वाफसा यांवर तेवढाच भर आहे. गावोगाव पोहोचले ते मात्र जीवामृताचे पिंप. उघड्या, तापलेल्या जमिनीवर जीवामृत ओतणे व्यर्थ आहे; ज्यांना बोलावले त्यांच्यासाठी तिथे अन्नही नसते, सावलीही नसते. आणि वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक असेही नाही. तंबाखूचा अर्क माशांना, मधमाश्यांना आणि माणसालाही विषारी आहे. द्राक्षबागेत चालणाऱ्या बोर्डो मिश्रणातले तांबे मातीत साठत जाते. मान्यता असलेली वस्तूसुद्धा मोजूनच वापरावी.

प्रमाणपत्राच्या नियमांप्रमाणे हंगामी पिकांना दोन वर्षांचा आणि फळबागांना तीन वर्षांचा संक्रमणकाळ धरतात. मातीच्या हिशेबाने तीन ते पाच वर्षे धरावीत, आणि या काळात घरखर्च चालला पाहिजे. म्हणून सगळे शेत एकदम पालटण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही. घराजवळचा, पाण्याची सोय असलेला, फार तर पाऊण-एक एकराचा तुकडा निवडावा. पहिल्या खरिपात तिथे ताग किंवा धैंचा घ्यावा, रब्बीत हरभरा, पुढच्या वर्षी भाजीपाला किंवा आंतरपिकासह तूर. हरभऱ्याची रोपे महिन्याची झाली की दोन-चार उपटून मुळांवरच्या गाठी नखाने फोडून पाहाव्यात. आत गुलाबी रंग दिसला तर नत्र स्थिर करण्याचे काम चालू आहे. हिरवट किंवा पांढऱ्या निघाल्या तर पुढच्या वेळी बियाण्याला रायझोबियम चोळायला विसरू नये.

काम सुरू करण्याआधी मे महिन्यात, जमीन मोकळी असताना, त्या तुकड्याचा मातीचा नमुना काढून ठेवावा. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र करून चौथाई पद्धतीने अर्धा किलो ठेवायची. झाडाखालची, बांधालगतची आणि जुन्या उकिरड्याची जागा टाळायची. तीन वर्षांनी त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून, त्याच ठिकाणांहून पुन्हा नमुना घेतला तरच दोन आकड्यांची तुलना होते. प्रयोगशाळेकडून सेंद्रिय कर्बाबरोबर सामू, क्षारता, चुनखडी आणि उपलब्ध जस्त यांची तपासणी मागून घ्यावी. नमुना वाळवण्याची, भरण्याची आणि अहवाल वाचण्याची रीत पहिल्या प्रकरणात सविस्तर दिली आहे.